मागे राहिलेला मेंढपाळ

नाताळच्या नाटकात मेंढपाळाचं काम कुणालाच नको असतं. देवदूताला पांढरा झगा आणि चमकीचे पंख मिळतात, पूर्वेकडून आलेल्या तिघांना मुकुट मिळतात. हेरोद राजा दुष्ट असला तरी त्याच्या कमरेला तलवार असते, म्हणून त्याच्यासाठी मधल्या सुट्टीत भांडणं होतात. वाटणी संपली की जी मुलं उरतात, त्यांच्या डोक्याला टॉवेल गुंडाळायचा, हातात काठी द्यायची आणि त्यांना रंगमंचाच्या कोपऱ्यात उभं करायचं. वर्षानुवर्षं असंच चालत आलेलं आहे.

सांगलीतल्या ज्या कॉन्व्हेंट शाळेत मी सहावी ते आठवीला मराठी शिकवत होते, तिथे हे नाटक इंग्रजीतच व्हायचं. ते मराठीत बसवू या, असं प्रिन्सिपल सिस्टरांनी एके वर्षी सुचवलं. त्या स्वतः केरळच्या, मराठी अडखळत बोलणाऱ्या, पण त्यांचं म्हणणं पक्कं होतं: आई-आजी बघायला येतात आणि त्यांना अर्ध्याहून अधिक कळत नाही, मग नाटक कुणासाठी करायचं? २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली आणि पहिली व सहावीपासून तिची सुरुवात झाली. तरी इंग्रजी माध्यमात मराठीचा तास म्हणजे वेळापत्रकात कुठेतरी बसवलेला तास, हे मी जवळून पाहिलं आहे. म्हणून ती सूचना ऐकून मला फार आनंद झाला. ज्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ केलं, तिथल्या मुलांनी नाटक परक्या भाषेत का करावं?

अशा शाळांत नेमकं काय शिकवतात, हे मला बाहेरचे लोक नेहमी विचारतात, म्हणून इथेच सांगते. आमच्या वर्गात कॅथलिक मुलं बोटांवर मोजण्याइतकी. आठवड्यातून ठरलेल्या तासाला ती दुसऱ्या खोलीत धर्मशिक्षणाला जायची आणि उरलेला वर्ग मूल्यशिक्षणाला बसायचा. शासनमान्य शाळेत पालकांच्या संमतीशिवाय कुणा मुलाला धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही, असं राज्यघटनेचं २८ वं कलम सांगतं. बाकी सगळं इतर शाळांसारखंच होतं. बालभारतीची पुस्तकं, मराठीला ‘सुलभभारती’, सातवीच्या इतिहासात शिवकाल, आठवीत स्वातंत्र्यलढा आणि त्यात आपल्याच भागातलं नाना पाटलांचं प्रतिसरकार.

नाटकाची संहिता मी लिहिली होती आणि ती मला बरी वाटत होती. पहिल्या तालमीला मेंढपाळांच्या घोळक्यातला एक मुलगा हसू दाबत होता. जत तालुक्यातल्या धनगर कुटुंबातला. दिवाळी झाली की वडील मेंढरं घेऊन बाहेर पडायचे, म्हणून हा सांगलीत आत्याकडे राहून शिकायचा. वर्गात सहसा तोंड न उघडणारा. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाला, “टीचर, आमचा बा असा हुभा नसतो. दिसभर चालून रातच्याला कोण हुभा ऱ्हाईल? मेंढरं वाड्यात घातली की घोंगडं टाकून बसत्यात. एक जण जागा असतोय, बाकीची निजत्यात.”

मग त्याला पुढे बसवून आम्ही सगळं विचारून घेतलं. रात्री मेंढ्यांभोवती जाळीचं कुंपण कसं लावतात, लहान कोकरं वेगळी का ठेवतात, खत मिळावं म्हणून शेतकरी आपल्या रानात मेंढरं कशी बसवून घेतात आणि त्याचा मोबदला काय देतात. वर्गातल्या शहरी मुलांनी हे कधी ऐकलेलं नव्हतं, आणि कबूल करायला हवं की मलाही त्यातलं निम्मंच ठाऊक होतं. त्याच आठवड्यात मी त्यांना व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तली काही पानं वाचून दाखवली. १९५५ सालचं पुस्तक, पण त्यातल्या माणसांना ओळखणारं कुणीतरी वर्गातच बसलेलं होतं.

त्याची खरी अडचण पुढे आली. बायबलमधल्या कथेत देवदूत मेंढपाळांना बाळाच्या जन्माची बातमी देतो आणि ते उठून बेथलेहेमला जातात. तो म्हणाला, “आन् मेंढरं कुणावर सोडली?”

मी संहितेकडे पाहिलं. मेंढरं कुणावरच सोडलेली नव्हती. रात्रीची वेळ, लांडग्याची भीती, आणि सगळे मेंढपाळ निघून गेलेले.

“एक जण मागं ऱ्हायलाच पाहिजे,” तो म्हणाला. “नायतर सकाळी काय उरायचं न्हाई.”

तालीम तिथेच थांबली आणि मुलांचा वाद जुंपला. कुणी म्हणालं, देवदूत लक्ष ठेवेल. कुणी म्हणालं, मेंढरंही बरोबर घेऊन जाऊ. एका मुलीचं म्हणणं होतं की जो मागे राहील त्याच्यावर अन्याय होईल, कारण बाळ बघायला त्यालाच मिळणार नाही. मी हे सिस्टरांच्या कानावर घातलं. बायबलात नसलेलं पात्र घालायला त्या नाही म्हणतील, अशी माझी अटकळ होती. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाल्या, हा प्रश्न मला मूल्यशिक्षणाच्या तासाला द्या.

त्या तासाला मी मागच्या बाकावर बसले होते. सिस्टरांनी उपदेश केला नाही, फक्त विचारलं: तुमच्या घरात असं मागे कोण राहतं? सिव्हिल हॉस्पिटलमधल्या नर्सची मुलगी म्हणाली, दिवाळीच्या पहाटे आई ड्यूटीवर असते. एकाचे वडील एस.टी.चे चालक होते. मग २०१९ च्या महापुराचा विषय निघाला. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. नदीकाठच्या गावातला एक मुलगा म्हणाला, बोट आली तेव्हा आम्ही सगळे चढलो, आजोबा आले नाहीत. दोन म्हशी होत्या. आजोबा म्हणाले, यांना कोण बघणार? पाणी उतरेपर्यंत ते म्हशींजवळ राहिले. वर्ग अगदी स्तब्ध झाला होता. एरवी सातवीचा वर्ग सलग पाच मिनिटं गप्प बसत नाही.

नाटकात मागे राहणारा मेंढपाळ आला तो असा. ते काम जतच्या मुलानेच मागून घेतलं. त्याच्यासाठी मी संवाद लिहिलेच नाहीत. भाव्यांच्या नाटकांत सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं आपलं गद्य आयत्या वेळी बोलायची, तीच रीत आम्ही इथे वापरली. रोज तो काहीतरी वेगळं बोलायचा. मेंढ्या मोजायचा, दमलेल्या कोकराला जवळ घ्यायचा, आणि इतर परत आले की एकच विचारायचा: बाळ बरं आहे ना? देवदूत आला तर कुत्री भुंकायला हवीत, हेही त्याचंच, आणि त्यामुळे पडद्यामागे दोन मुलांना भुंकायचं काम मिळालं.

तिघा ज्ञानी माणसांच्या भेटवस्तूंनीही असंच वळण घेतलं. सोनं, ऊद आणि गंधरस. एरवी सोनेरी कागदात गुंडाळलेले खोके पुरतात. पण विट्याकडच्या एका मुलीचं सगळं घराणं गलाईच्या धंद्यातलं. सोनं-चांदी गाळायला तिचे काका-मामा देशभर पांगलेले. सोनं घेऊन इतक्या लांब निघालेला माणूस ते असं उघड्या हातात धरेल का, असा तिचा सवाल होता. ती घरातून जुनी मूस घेऊन आली आणि सोनं मुशीत कसं शुद्ध होतं ते तिने वर्गाला सांगितलं. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याजवळ राहणाऱ्या मुलीने खराखुरा ऊद आणला. गंधरस मात्र कुणी पाहिलेला नव्हता. शेवटी एकाची आजी म्हणाली, अरे, तो हिराबोळ, बाळंतिणीच्या औषधात घालतात. काष्ठौषधीच्या दुकानातून नातू पुडी घेऊन आला. मृतदेहाला लावायचं द्रव्य म्हणून गंधरस येशूच्या मरणाची खूण मानला जातो, असं सिस्टरांनी समजावलं. पण नुकत्याच बाळंत झालेल्या बाईच्या घरी हिराबोळ न्यावा, हे आजीचं गणितही त्यांना मनापासून पटलं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. एका मुलीचे वडील तालमीच्या वेळी आले. मुलगी घरी येशूची प्रार्थना म्हणते, हे त्यांना खटकलं होतं. सिस्टरांनी त्यांना बसवून पूर्ण तालीम दाखवली. ते म्हणाले, नाटकात राहू दे, पण शेवटच्या सामूहिक प्रार्थनेत तिला घेऊ नका. सिस्टरांनी लगेच मान्य केलं आणि तिला दिव्यांच्या कामावर ठेवलं. वडिलांचा विचारण्याचा हक्क मला मान्य आहे. आणि उत्तर देताना सिस्टरांनी आवाज चढवला नाही, हेही मुलांनी पाहिलं.

सिस्टरांची ही वृत्ती मला नवी नव्हती. मी आधी साताऱ्यातल्या अशाच एका शाळेत होते, तेव्हा सहावीच्या मुलांना येशूजन्माचा गोठा करायला सांगितला होता. साताऱ्याची मुलं दिवाळीत किल्ले करणारी. त्यांनी बेथलेहेमला तट आणि बुरूज बांधले, उतारावर अळीव पेरलं आणि दिवाळीतले मावळे पहाऱ्याला उभे केले. एका शिक्षिकेला ते विसंगत वाटलं. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेचो गावात असा पहिला देखावा मांडला, तो लोकांना आपल्याच गावात घडतंय असं वाटावं म्हणूनच. मावळे राहिले.

सांगलीच्या नाटकातल्या मेंढ्या पुठ्ठ्याच्या होत्या आणि त्यांची नाकं जतच्या मुलाने दोनदा बदलून घेतली. त्यांच्याकडची माडग्याळ मेंढी पोपटासारख्या बाकदार नाकाची. प्रयोगाला त्याचे वडील येऊ शकले नाहीत, तेव्हा मेंढरं कोकणात होती. उन्हाळ्यात निकालाच्या दिवशी ते शाळेत आले. मुलाने त्यांना थेट सामानाच्या खोलीत नेलं. त्यांनी एक मेंढी उचलली, फिरवून पाहिली, नाक ठीक आहे म्हणाले. मग मला म्हणाले, “बाई, कान आखूड झालं. माडग्याळचं कान लांब आन् खाली पडल्यालं असत्यात.” पुढच्या डिसेंबरात आठवीच्या मुलांनी सगळ्या मेंढ्यांना नवे कान चिकटवले.