जागता पहारा

नेदरलँड्स देशात लायडन नावाचे एक जुने शहर आहे. तेथील विद्यापीठात विलेम आइन्टहोवन हा शास्त्रज्ञ काम करीत असे. मानवी हृदयात निर्माण होणारा अतिसूक्ष्म विद्युत्प्रवाह टिपून त्याची रेषा काढणारे एक यंत्र त्याने मोठ्या परिश्रमाने सिद्ध केले होते. परंतु ते यंत्र सुमारे २७० किलो वजनाचे होते आणि ते चालविण्यास पाच माणसे लागत. यंत्र होते प्रयोगशाळेत, आणि हृदयविकाराचे रोगी होते दीड किलोमीटर दूर असलेल्या रुग्णालयात. एवढे अवजड यंत्र रोग्याच्या खाटेपाशी नेणे अशक्य, आणि ज्याला उठून बसण्याचेही त्राण नाही अशा रोग्याला यंत्रापाशी आणणे धोक्याचे! ही कोंडी फुटावी कशी?

आइन्टहोवनने विचार केला की, यंत्र हलवावयाचे नाही आणि रोगीही हलवावयाचा नाही. हलवावयाची ती केवळ हृदयाची वार्ता. त्याने टेलिफोनच्या तारेने रुग्णालय आणि प्रयोगशाळा ही दोन्ही ठिकाणे जोडली. रुग्णालयातील माणूस आपले हात व पाय मिठाच्या पाण्याने भरलेल्या भांड्यांत बुडवून बसे आणि त्याच क्षणी दीड किलोमीटरवर त्याच्या हृदयाची रेषा उमटू लागे. २२ मार्च १९०५ रोजी या रीतीने पहिला आलेख निघाला. ज्याच्या हृदयाचा तो आलेख होता, तो रोगी नव्हता. चांगला धट्टाकट्टा मनुष्य होता. तो सायकल चालवीत रुग्णालयात आला होता आणि आलेखातील उंच शिखरे ही त्या श्रमाचीच खूण आहे, असे तेव्हा मानले गेले. आइन्टहोवनला त्याच्या संशोधनाबद्दल १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आज आपण ज्याला ई.सी.जी. म्हणतो, तो हाच हृदयाचा आलेख होय.

हृदयात वीज कोठून येते, असा प्रश्न साहजिकच मनात येईल. हृदय हे मुठीएवढे स्नायूंचे बनलेले इंद्रिय आहे. त्याच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात विशेष पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. तो ठरावीक वेळाने विजेचा एक हलका संदेश सोडतो. तो संदेश सर्व हृदयभर पसरतो आणि हृदय आकुंचन पावते. हाच हृदयाचा ठोका. असे ठोके मिनिटाला सत्तरच्या आसपास, म्हणजे दिवसाकाठी सुमारे एक लाख पडतात. या संदेशात खंड पडला, किंवा तो भलत्याच मार्गाने धावू लागला, तर ठोक्यांची लय बिघडते.

मात्र ही बिघाडाची वेळ कोणी सांगून ठेवलेली नसते. रुग्णालयात काढलेला ई.सी.जी. साधारणपणे दहा सेकंदांचा असतो आणि दिवसाचे सेकंद असतात ८६,४००. डॉक्टरांसमोर शहाण्या मुलासारखे वागणारे हृदय मध्यरात्री अडखळले, तर ते कोणास कळणार? अमेरिकेतील माँटाना राज्यात राहणाऱ्या नॉर्मन होल्टर या शास्त्रज्ञाला हाच प्रश्न पडला. माणूस हिंडताफिरताना त्याच्या हृदयाचा आलेख मिळावा म्हणून त्याने १९४० नंतरच्या दशकात एक रेडिओयंत्र तयार केले. त्याचे वजन सुमारे ३८ किलो होते आणि ते पाठीवर बांधावे लागे! पुढे १९६० नंतर त्याचे रूप पालटले आणि अंगावर सहज वागविता येईल असे ध्वनिफितीसारख्या फितीचे छोटे यंत्र प्रचारात आले. तरीही एक उणीव राहिलीच. फीत भरावयाची, मग ती रुग्णालयात न्यावयाची आणि नंतर ती वाचावयाची. सोमवारी रात्री हृदय चुकले, तर डॉक्टरांना ते गुरुवारी कळावयाचे.

ही उणीव आपल्या काळात ज्या व्यवस्थेने भरून काढली, तिला ‘क्लाउड’ म्हणजे ‘मेघ’ असे नाव पडले आहे. या नावावरून ती वस्तू आकाशात असेल असे वाटते. परंतु हा मेघ जमिनीवरच असतो. मोठमोठ्या इमारतींत रात्रंदिवस चालणारे हजारो संगणक एकमेकांस जोडलेले असतात. कोठूनही इंटरनेटवरून आलेली माहिती ते साठवितात, तपासतात आणि ज्याला तिचा अधिकार आहे त्यास कोठेही पाहू देतात. गावच्या विहिरीवर अनेक घरांनी पाणी भरावे, त्याप्रमाणे अनेक रुग्णालये हे संगणक वापरतात. प्रत्येकाला आपली स्वतंत्र विहीर खणावी लागत नाही.

हे काम प्रत्यक्ष कसे चालते, ते एका उदाहरणावरून समजेल. समजा, सह्याद्रीच्या कुशीतील एका खेड्यात एक आजोबा राहतात. त्यांच्या हृदयाची लय मंदावल्यामुळे शहरातील डॉक्टरांनी त्यांच्या छातीत त्वचेखाली पेसमेकर बसविला आहे. पेसमेकर हे हृदयास वेळेवर विजेचा संदेश देणारे चिमुकले यंत्र. आजोबांच्या उशाजवळ एक लहान पेटी ठेवलेली आहे. रात्री आजोबा झोपले म्हणजे छातीतील यंत्र दिवसभराची हकिकत बिनतारी संदेशाने त्या पेटीला कळविते. पेटी ती मोबाइलच्या जाळ्यातून क्लाउडकडे पाठविते. गावात जाळे नसेल, तर हकिकत साठून राहते आणि जाळे येताच पुढे जाते. वाटेत ती कोणी परक्याने वाचू नये म्हणून ती सांकेतिक रूपात पाठविलेली असते. कारण रोग्याच्या हृदयाची हकिकत ही त्याची खासगी गोष्ट आहे.

एके रात्री आजोबांच्या हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागतात. आजोबांना काहीच जाणवत नाही. ते गाढ झोपेत आहेत. परंतु अशा थरथरीने कप्प्यात रक्त साकळून गुठळी होऊ शकते, आणि ती मेंदूकडे गेली तर पक्षाघाताचा झटका येतो. क्लाउडमधील संगणक आलेली हकिकत तपासतो आणि तिच्यावर धोक्याची खूण करतो. सकाळी रुग्णालयातील तंत्रज्ञ ती उघडून पाहतो. प्रत्येक खूण खरीच असते असे नाही. पेसमेकरची तार हलली किंवा बाहेरून विजेचा अडथळा आला, तरी आलेख वेडावाकडा उमटतो. म्हणून माणसाच्या डोळ्यांनी पारख करावीच लागते. खूण खरी ठरली, की डॉक्टर आजोबांना बोलावून घेतात आणि आवश्यक वाटल्यास रक्ताची गुठळी होऊ न देणारे औषध सुरू करतात. पुढचे मोठे संकट अशा रीतीने वेळीच टळू शकते.

मग या यंत्रांनी सर्वांचेच प्राण वाचतात काय? याचे उत्तर दोन प्रयोगांतून मिळते. अमेरिकेत १,६५३ हृदयरोग्यांवर झालेल्या एका प्रयोगाचा निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यातील निम्म्या रोग्यांनी रोज टेलिफोनवरून एका यंत्राला आपली प्रकृती व वजन कळवावयाचे होते. परंतु त्यांतील शेकडा १४ जणांनी ती सोय एकदाही वापरली नाही. शेवटच्या आठवड्यात तर तीन वेळा तरी वार्ता देणारे शेकडा ५५ च उरले होते. त्या सोयीचा काहीच लाभ दिसला नाही. दुसऱ्या प्रयोगाचा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात छातीत यंत्र बसविलेल्या ६६४ रोग्यांचे दोन गट पाडले होते. एका गटाची वार्ता रोज आपोआप येई आणि ती पाहणारी माणसे नेमलेली होती. वर्षभरात त्या गटातील १० रोगी दगावले, तर दुसऱ्या गटातील २७. यावरून ध्यानात येते की, नुसते यंत्र पुरेसे नाही. वार्ता नेमाने निघाली पाहिजे आणि ती वाचणारा कोणीतरी जागा असला पाहिजे.

आणखी एक गोष्ट प्रत्येकाने मनावर कोरून ठेवावी. हा पहारा रोज संकटाची चाहूल घेण्यासाठी आहे. संकट दाराशी आले असता धावून येण्यासाठी नव्हे. घरात कोणाच्या छातीत जोराची कळ आली, दरदरून घाम सुटला किंवा कोणी बेशुद्ध पडले, तर क्लाउड डॉक्टरांना कळवील अशा भरवशावर क्षणभरही बसू नये. हृदयाच्या स्नायूस रक्त मिळेनासे झाले, की तो मिनिटामिनिटाने मरू लागतो. अशा वेळी मोठ्या माणसांना हाक मारावी आणि रुग्णवाहिकेसाठी तत्काळ १०८ क्रमांक फिरवावा. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ सालापासून चालू आहे.

लायडनच्या त्या तारेच्या एका टोकाला रोगी होता आणि दुसऱ्या टोकाला रेषेवर नजर ठेवून बसलेला शास्त्रज्ञ होता. आज तारेच्या जागी मेघ आला. दीड किलोमीटरचे अंतर शेकडो किलोमीटरांवर गेले. तरी दोन्ही टोकांना माणसेच आहेत. शहरात वार्ता वाचणारा तंत्रज्ञ जसा या पहाऱ्यावर आहे, तशीच खेड्यातील ती चिमुकली नातही आहे; कारण आजोबांच्या उशाजवळील पेटीचे बटण चालू आहे ना, हे रोज रात्री झोपण्यापूर्वी तीच पाहून येते.