सर्व्हर बदलल्यानंतर अर्धवट राहणारे डाउनलोड : कारणे व उपाय

संकेतस्थळ ‘अपाचे’वरून ‘एन्जिनएक्स’ या सर्व्हर प्रणालीवर हलविल्यानंतर पाने पूर्ववत उघडतात. मात्र पीक संरक्षण पुस्तिका, प्रशिक्षणाच्या चित्रफिती अशा मोठ्या फायली कधी कधी मध्येच थांबतात. ग्रामीण भागातील मंद नेटवर्कवर त्यामुळे मोबाइल डेटा वाया जातो व ऐन हंगामात माहिती वेळेवर पोहोचत नाही.

दोष कोठे आहे?

एकच फाइल दोन वेगवेगळ्या नेटवर्कवर प्रत्येकी दोन-तीन वेळा उतरवून पाहावी आणि ती किती एमबीवर थांबली याची नोंद घ्यावी. दर वेळी निराळ्या ठिकाणी थांबल्यास दोष बहुधा नेटवर्कमध्ये असतो. दोन्ही नेटवर्कवर ती ठरावीक आकारावर किंवा ठरावीक वेळेनंतर थांबत असेल, तर सर्व्हरवरील मर्यादा तपासणे आवश्यक ठरते.

सर्व्हरवरील प्रमुख कारणे

१. उर्वरित भाग न मिळणे : डाउनलोड तुटल्यावर ब्राउझर फक्त राहिलेला भाग मागू शकतो. सर्व्हरने 206 हा संकेत दिल्यास तेथूनच पुढे सुरुवात होते. 200 दिल्यास संपूर्ण फाइल पुन्हा येते. फाइल थेट न देता एखाद्या प्रोग्रामद्वारे दिली जात असल्यास ही सोय त्या प्रोग्राममध्ये स्वतंत्रपणे करावी लागते.

२. प्रतीक्षेची मर्यादा : एन्जिनएक्समध्ये ग्राहकाकडे माहिती पाठविताना सलग 60 सेकंद काहीच पुढे सरकले नाही, तर जोडणी बंद होते. मंद नेटवर्कचा विचार करून ही मर्यादा वाढविता येते.

३. तात्पुरत्या साठ्याची मर्यादा : एन्जिनएक्स दुसऱ्या सर्व्हरकडून फाइल घेऊन पुढे पाठवीत असेल, तर तात्पुरत्या फाइलचा आकार मूलतः 1024 एमबीपर्यंत मर्यादित असतो. त्यापुढे मूळ सर्व्हरला ग्राहकाच्या वेगाने थांबावे लागते व त्याची प्रतीक्षा संपल्यास जोडणी तुटते. एक जीबीच्या थोडे पुढे थांबणारे डाउनलोड हे याचे ठळक लक्षण होय.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

तक्रार करताना फाइलचे नाव, वेळ, नेटवर्क व थांबल्याचा आकार कळवावा. एवढ्या माहितीवरून व्यवस्थापकास सर्व्हरच्या नोंदवहीत नेमकी नोंद शोधता येते. उतरलेल्या फाइलचा आकार संकेतस्थळावर दिलेल्या आकाराशी जुळल्याखेरीज ती शेतकऱ्यांना पुढे पाठवू नये. दुरुस्ती होईपर्यंत व्यवस्थापकांनी मोठी पुस्तिका प्रकरणनिहाय लहान फायलींत उपलब्ध करून द्यावी.