बांबूचे बेट आणि विद्यापीठाच्या भिंती

माझी मजल बी.ए.पर्यंतची. तेव्हा विद्यापीठात पर्यावरण संशोधनाचे केंद्र कसे उभे राहते, हे मी सांगावे याचे काही जणांना नवल वाटेल. पण लहानपणी घरातले सूप फाटले की अम्मी मला बुरूडआळीत पिटाळायची, आणि ही गोष्ट सुरू होते ती बुरडांपासूनच.

१९७५ च्या सुमारास कर्नाटकातल्या बुरडांनी सरकारदरबारी गाऱ्हाणे घातले. रानातला बांबू संपत चालला, आमच्या हाताला काम उरले नाही. कागद गिरण्यांना सरकारने एके काळी हाच बांबू टनाला दीड रुपया अशा भावाने देऊ केला होता. बुरडाला मात्र तो बाजारभावाने घ्यावा लागे. वनखाते म्हणे, दोष गावकऱ्यांच्या गुरांचा. खरे काय ते शोधण्याचे काम बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या माधव गाडगीळांकडे आले. गाडगीळ पुण्याचे. हार्वर्डमधून डॉक्टरेट घेऊन परतलेले, गणिताच्या अंगाने जीवसृष्टीकडे पाहणारे.

बांबूच्या बेटाच्या बुडाशी काटेरी जाळी असते. ती काढली की बेट मोकळे होईल, कोंब जोमाने वाढतील, अशा हिशेबाने वनखाते ती साफ करी. गावकरी म्हणत, काटे गेले की कोवळे कोंब जनावरांच्या तोंडी जातात. गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही वर्षे रानात मोजमाप केले. गावकऱ्यांचेच म्हणणे खरे निघाले. शिवाय रानात बांबू किती, याचे सरकारी अंदाजही फुगलेले होते.

आता सांगा, हा प्रश्न कोणत्या विषयाचा? कोंब वनस्पतिशास्त्राचा, गुरे प्राणिशास्त्राची, दीड रुपया अर्थशास्त्राचा, बुरूड समाजशास्त्राचा आणि वनकायदा इतिहासाचा. विद्यापीठात या विषयांच्या इमारती वेगवेगळ्या. रानात मात्र ते सगळे एकाच बेटात गुंतलेले. ‘आंतरविद्याशाखीय’ हा तोंडात न मावणारा शब्द आपण वापरतो, त्याचा अर्थ एवढाच.

१९८३ साली भारतीय विज्ञान संस्थेत ‘सेंटर फॉर इकॉलॉजिकल सायन्सेस’ हे केंद्र सुरू झाले. तिथे राघवेंद्र गदगकरांनी गांधीलमाशांच्या समाजाचा अभ्यास केला. रमण सुकुमारांनी हत्ती शेतात का शिरतात, हे शोधले. त्यांना दिसले की पिकांवर धाड घालण्यात नर हत्ती पुढे असतात. इतिहासकार रामचंद्र गुहा यांच्याबरोबर गाडगीळांनी भारताच्या पर्यावरणाचा इतिहास लिहिला. तो १९९२ साली प्रसिद्ध झाला.

पण केंद्र म्हणजे दारावरची पाटी नव्हे. त्याला पहिली गरज असते ती स्वतःच्या माणसांची. इतर विभागांतून उसने आणलेले प्राध्यापक दुपारनंतर आपापल्या विभागात परततात. त्यांची बढती तिथल्याच हातात असते. तरुण संशोधकाने दोन विषयांच्या सीमेवर काम केले की दोन्हीकडचे परीक्षक म्हणतात, हे आमचे नव्हे. तेव्हा पदे, पीएच.डी.ची मान्यता आणि परीक्षक यांची सोय आधी करावी लागते.

दुसरी गरज रानातल्या मुक्कामाची आणि तिसरी धीराची. मुदुमलाईच्या जंगलात या केंद्राने १९८८ साली ५० हेक्टरांचा तुकडा आखला. एक सेंटिमीटरहून जाड प्रत्येक खोडाला क्रमांक दिला. मग वर्षानुवर्षे हजेरी घेतली. कोण जगले, कोण मेले, कोण नवे आले. दुष्काळ, वणवा, हत्ती यांनी रान कसे बदलते, हे अशा हजेरीतूनच कळते. तीन वर्षांच्या अनुदानात ते बसत नाही.

चौथी गरज कानांची. काट्यांचे मर्म ज्यांना ठाऊक होते, त्यांच्याकडे पदवी नव्हती.

हे सारे आपल्याला का हवे? ३० जुलै २०१४ रोजी माळीण दरडीखाली गाडले गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळवाडीवर तोच प्रसंग आला. पाऊस हवामानशास्त्रज्ञ मोजतो, मुरूम भूवैज्ञानिक तपासतो, उतारावरच्या शेतीचे कृषितज्ज्ञ सांगतो. ती माणसे त्या उतारावरच का राहतात, याचे उत्तर समाजशास्त्राकडे असते. चौघे दरड कोसळल्यावर चौकशी समितीत भेटतात. ते आधी, एका छपराखाली, वर्षानुवर्षे भेटावेत आणि वाडीतल्या म्हाताऱ्यालाही त्यांनी आपल्यात बसवावे, एवढ्यासाठी विद्यापीठात असे केंद्र हवे. सह्याद्रीच्या पायथ्याशी विद्यापीठे पुष्कळ आहेत. त्यांच्या भिंतींत दारे काढणे आपल्या हातात आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)