लाज नको, इलाज हवा

घरातले बुजुर्ग रात्री तीन-चारदा उठतात, लग्नाला निघताना आधी बाथरूमची चौकशी करतात, हळूहळू जमातीला जायचेही टाळतात. आपण म्हणतो, ‘वय झालं.’ सुना-मुलींसमोर लघवीचे नाव कसे काढायचे, म्हणून तेही गप्प राहतात. या गप्प बसण्यातच दुखणे वाढते.

पुरुषांच्या मूत्राशयाच्या खाली, मूत्रनलिकेभोवती प्रोस्टेट नावाची अक्रोडाएवढी ग्रंथी असते. वयाबरोबर ती वाढते. साठीच्या आसपास जवळपास निम्म्या पुरुषांत ही वाढ आढळते. नळीवर दाब आला की धार बारीक होते, लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, नंतर थेंब गळतात. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. पण लक्षणे सारखी असू शकतात, आणि वारंवार लघवीमागे मधुमेहही असू शकतो. म्हणून तपासणी करावीच.

खरी घालमेल असते ती वुजूची. लघवीनंतर थोडा वेळ थेंब येत असतील, तर ते थांबू द्यावेत आणि मग वुजू करावा. थेंब थांबतच नसतील, तर शरीअतने अशा माजूर माणसाला सवलत दिली आहे. हनफी मसलकात नमाजच्या प्रत्येक वेळेसाठी, तर शाफई मसलकात प्रत्येक फर्ज नमाजसाठी ताजा वुजू करावा लागतो. आपला नेमका मसला आलिमांना विचारावा. नमाज मात्र सोडू नये.

त्रास कमी असेल तर रात्री चहा आणि पाणी कमी करून भागते. दिवसा पाणी तोडू नये. रमजानमध्ये ते इफ्तारनंतर थोडे थोडे प्यावे. औषधांपैकी टॅमसुलोसिनने नळीभोवतीचे स्नायू सैल होतात, पण एकदम उठल्यास चक्कर येऊ शकते. फिनास्टेराइडने ग्रंथी लहान होते. त्याला सहा महिनेही लागतात. गुण आला नाही तर दुर्बिणीने ऑपरेशन करतात. सर्दीच्या काही गोळ्यांनी लघवी अडते, म्हणून त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. लघवी पूर्ण बंद झाली, रक्त आले किंवा थंडी-ताप आला, तर रात्र असली तरी दवाखाना गाठावा.

आजारावर इलाज करणे ही आपल्या नबी (स.) यांची शिकवण आहे. अब्बा स्वतः बोलणार नाहीत. मुलाने किंवा जावयाने एकांतात विषय काढावा आणि सोबत डॉक्टरकडे जावे.