सूर डोलवणारा दिवा

नगरहून दौंडच्या रस्त्याला लागलं की थोड्याच अंतरावर अरणगाव येतं. तिथे मेहेराबादच्या टेकडीवर मेहेरबाबांची समाधी आहे. 'द हू' या ब्रिटिश बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंड हा बाबांचा भक्त. त्याच्या १९७१ सालच्या 'बाबा ओ'रायली' या गाण्यातले बाबा ते हेच. त्या गाण्याच्याच अल्बममधल्या 'वोन्ट गेट फूल्ड अगेन'साठी त्याने साधा ऑर्गन व्हीसीएस-३ या सिंथेसायझरमधून वाजवला. बोटं ऑर्गनवर स्थिर, आणि यंत्रातली एक संथ लहर त्या आवाजाला सतत हेलकावे देते. हेच मॉड्युलेशन. व्हीसीएस-३चं सर्किट आखणाऱ्या डेव्हिड कॉकरेलनेच पुढे गिटारवाल्यांच्या पायाखाली ठेवायचं आवाज गरगर फिरल्यासारखा करणारं 'स्मॉल स्टोन' हे फेझर पेडल तयार केलं.

लहानपणी टेबल फॅनसमोर तोंड धरून आपण सगळ्यांनीच 'आऽऽ' केलेलं आहे. आवाज आपला, थरथर पात्यांची. पेडलमध्ये पात्यांचं काम एक ऑसिलेटर करतो. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते, ऑसिलेटरची लहर मात्र सेकंदाला दोन-चार वेळाच वरखाली होते. तिने आवाज लहानमोठा केला तर ट्रेमोलो, सूर किंचित चढवला-उतरवला तर व्हायब्रॅटो.

ट्रेमोलो घरी बांधता येतो. एक एलईडी आणि एक एलडीआर समोरासमोर ठेवून काळ्या नळीत बंद करायचे. एलडीआर म्हणजे संध्याकाळी दिवे आपोआप लावणाऱ्या सर्किटमधला तो नागमोडी रेघांचा चपटा तुकडा. अंधारात त्याचा रेझिस्टन्स लाखो ओहम असतो, उजेडात एकदम खाली येतो. गिटारचा सिग्नल एका रेझिस्टरमधून पुढे न्यायचा आणि त्यापुढे एलडीआर ग्राउंडला जोडायचा. ऑसिलेटरच्या लहरीने एलईडी उजळला की सिग्नल ग्राउंडकडे वळतो, आवाज बसतो. मंदावला की पुन्हा उठतो. एलडीआर जरा आळशी असतो, उजेड गेल्यावर लगेच सावरत नाही. मला तर हा त्याचा मोठा गुण वाटतो, कारण त्यामुळेच आवाज तुटत नाही, डोलतो. नळीत फट राहिली तर खोलीतला उजेड आत शिरतो आणि सगळा परिणाम फिका पडतो.

जपानच्या शिन-एई कंपनीत फुमिओ मिएदा यांनी हीच युक्ती 'युनि-व्हाइब' या पेडलमध्ये वापरली. मधोमध एक बल्ब, भोवती चार एलडीआर. १९६९ साली वुडस्टॉकला जिमी हेंड्रिक्सने तेच वाजवलं. त्या चार एलडीआरच्या चार टप्प्यांचे कपॅसिटर मुद्दाम वेगवेगळे आहेत: १५, २२०, ०.४७ आणि ४.७ नॅनोफॅरड. चारही सारखे केले की तेच सर्किट नेहमीच्या फेझरसारखं बोलू लागतं. सर्किटमध्ये फेरफार करायचा तो असा, एका वेळी एकच भाग बदलून, कान देऊन. ट्रेमोलोच्या ऑसिलेटरमधला वेग ठरवणारा १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढून १०चा लावला तर डोलणं दसपट संथ होतं.

नगरमधल्या ज्या मुलामुलींच्या हातात गिटार आणि सोल्डरिंग आयर्न दोन्ही आहेत, त्यांनी ट्रेमोलोपासूनच सुरुवात करावी. ९ व्होल्टची बॅटरी पुरते. घरच्या विजेला हात लावू नये.