टूलला कसं कळतं कुठे थांबायचं?

सीएनसी लेथ मशीन चालताना पाहिलंय कधी? भोसरीच्या किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत कुणी ओळखीचं असेल, तर हट्ट धरून जा. आत कूलंटचा पांढरट फवारा उडत असतो, जॉब, म्हणजे कापायचा धातूचा तुकडा, गरगर फिरत असतो आणि टूल पुढे सरकून नेमकं हवं तिथेच थांबतं. कुणी पट्टी धरून मोजतही नाही!

गंमत अशी, की मशीन टूलकडे बघतच नाही. ते मोजतं मोटरचं फिरणं. मोटर फिरली की बॉलस्क्रू, म्हणजे आटे असलेला लांब दांडा, फिरतो आणि टूल सरकतं. मोटरच्या शेपटाकडे बसलेला असतो एन्कोडर. त्यात काचेची चकती आणि तिच्यावर, समजा, 2500 बारीक रेघा. एका बाजूला एलईडी, दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारे सेन्सर. चकती फिरते तसा उजेड, अंधार, उजेड, अंधार. मोजत राहायचं!

पण मोटर उलटी फिरली तर? उजेड-अंधार तसाच दिसणार की! म्हणून सेन्सर दोन, ‘अ’ आणि ‘ब’, एकमेकांपासून पाव घर सरकवलेले (एक रेघ आणि शेजारची फट मिळून एक घर). ‘अ’ला आधी उजेड दिसला तर सुलट, ‘ब’ला आधी दिसला तर उलट. मला तर ही युक्ती सगळ्यात आवडते, कारण तिच्यात एक बक्षीसही आहे. दोघांचं उजळणं आणि विझणं, दोन्ही मोजलं की एका रेघेचे चार आकडे मिळतात. म्हणजे एका फेरीत 10,000! एका फेरीत टूल 10 मिलिमीटर सरकत असेल, तर एक आकडा म्हणजे एक मायक्रॉन. तुमचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो.

वीज गेली की मात्र हा एन्कोडर सगळं विसरतो. मग मशीन सुरू करताना आधी होमिंग करावं लागतं, म्हणजे टूल एका ठरलेल्या जागी नेऊन तिथून मोजणी पुन्हा सुरू करायची. न विसरणारे एन्कोडरही असतात. त्यांच्या चकतीवर प्रत्येक जागेचा वेगळा संकेत कोरलेला असतो. साध्या द्विमान पद्धतीत 7 म्हणजे 0111 आणि 8 म्हणजे 1000. चारही अंक एकदम बदलायचे. एखादा मागे राहिला की भलताच आकडा! बेल लॅब्सच्या फ्रँक ग्रे यांच्या संकेतात 7 म्हणजे 0100, 8 म्हणजे 1100. बदलला फक्त एक अंक. त्याचं पेटंट 1953 साली मिळालं.

बऱ्याच माउसच्या चाकातही पहिल्यासारखाच, ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन सिग्नलचा छोटा एन्कोडर असतो. एका पूर्ण फेरीत तुमच्या माउसचं चाक किती वेळा ‘टिक’ करतं? मोजा आणि आम्हाला कळवा.