व्यसनमुक्ती केंद्राची पत

जाहिरातीने दुकानात गिऱ्हाईक येते. व्यसनमुक्ती केंद्रात कुटुंब विश्वासाने येते. डॉ. अनिल अवचट यांच्या गर्दविषयक लेखांनी पु. ल. व सुनीता देशपांडे अस्वस्थ झाले. त्यांच्या देणगीतून २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू झाले. डॉ. अनिता अवचट यांनी ते वाढविले. व्यसनमुक्त झालेले रुग्णमित्रच तेथे कार्यकर्ते झाले; त्याहून मोठी प्रसिद्धी कोणती?

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे रुग्णाच्या संमतीवाचून त्याचे छायाचित्र वा माहिती माध्यमांत देता येत नाही. म्हणून नवी मुंबईतील केंद्रास देणगी देताना किंवा आप्तास दाखल करताना फलकाची झळाळी बाजूला ठेवून नोंदणी, गोपनीयता व घरी परतल्यानंतरचा पाठपुरावा तपासावा. पेढीप्रमाणे केंद्राचीही पत चोख व्यवहारानेच वाढते.